साठचं ॲव्हरेज

१

शिपायाने साक्षीदाराचा तिसरा पुकारा केला, आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यातून कुणीही उठलं नाही. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. ही शेवटची संधी, असं न्यायाधीशांनी मागच्याच तारखेला बजावलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, कागदावर ‘पुरावा बंद’ असे दोन शब्द लिहिले आणि पुढचं प्रकरण मागवलं. आठ महिन्यांपूर्वी बॉयलर फुटून मेलेल्या एका कामगाराची बाजू त्या दोन शब्दांत मिटली.

कंपनीचं म्हणणं असं, की कामगार ड्युटीवर डुलक्या काढत होता, चूक त्याचीच. याच्या विरोधात एकच गोष्ट शिल्लक होती, ती म्हणजे बॉयलरची नोंदवही. त्याच खात्यातल्या फिटरने तिच्यात तीन वेगवेगळ्या तारखांना लिहून ठेवलं होतं की सेफ्टी व्हॉल्व्ह अडकतोय, बदलावा. तिन्ही नोंदींखाली मॅनेजरची सही होती. स्फोटानंतर कंपनीने भंगारात काढलेली ही वही फिटरने गुपचूप उचलून घरी नेली होती. ती घेऊन यायचं आणि शपथेवर वाचायची, एवढंच त्याचं काम. आणि फिटर काही परका नव्हता. मेलेल्याच्या बायकोचा सख्खा थोरला भाऊ.

तो आला अडीच वाजता. हात काळे, बुटांचे तळवे उघडलेले, पोटाशी कापडी पिशवीत वही. न्यायालयाच्या पायरीवर बहीण बसली होती. तिच्या शेजारी तिचा धाकटा दीर उभा होता आणि दोन पायऱ्या खाली वकील.

“पेट्रोल संपलं गं,” तो म्हणाला. “घाटात.”

बहिणीने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग उठली, पदर झटकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “कितीला विकलंस त्यांना?”

२

नापासबाईंचं खरं नाव त्यांच्या पेन्शनच्या कागदावर होतं. गावात ते कुणाला ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी वाहन परवान्याच्या परीक्षा घेतल्या होत्या आणि दहांतल्या सात जणांना घरी पाठवलं होतं. वय चौसष्ट, कमरेत ताठ, आणि मनुष्यजातीविषयीचं मत पहिल्याच वर्षी पक्कं झालेलं. लोक हाताने गाडी चालवतात आणि तोंडाने खोटं बोलतात, आणि दोन्ही वाईटच करतात, असं ते मत होतं.

वकील त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेला टेकला होता. त्याला त्यांनी तीनदा नापास केलं होतं. चौथ्यांदा पास केलं, तेही दयेने.

“आठ दिवसांत अर्ज करायचाय, बाई. पुरावा पुन्हा उघडावा म्हणून. चार दिवस गेले. सबळ कारण द्यावं लागतं.”

“आणि तुझ्याकडे काय आहे?”

“पेट्रोल संपलं.”

“वा. आणि सायकलची हवा गेली हे नाही सुचलं?” बाईंनी चहाचा कप बाजूला सारला. “एकतीस वर्षं ऐकतेय. बायको आजारी, घड्याळ बंद, पेट्रोल संपलं. ज्याला दुसरं काही सुचत नाही त्याचं पेट्रोल संपतं.”

“मीही तेच म्हणालो त्याला. निदान रिझर्व्हचं तरी काही सांग म्हटलं. रिझर्व्हवर माणूस पन्नास-साठ किलोमीटर आरामात जातो. तर म्हणतो, गाडी आचके न देता एकदम बंद पडली. रिझर्व्हला लावायला हात खाली नेला, तर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक आधीच रिझर्व्हला.”

बाई थांबल्या.

“पुन्हा सांग.”

“कॉक आधीच रिझर्व्हला होता म्हणतो. यावर कोण विश्वास ठेवणार?”

“गाढवा, यावरच ठेवायचा. खोटं बोलणारा म्हणेल, रिझर्व्हही संपलं. सरळ, सोपं. स्वतः मूर्ख ठरेल असा तपशील कुणी पदरचा घालत नाही. तेवढी कल्पनाशक्ती असती तर लोक कथा लिहीत बसले असते.” त्यांनी पायात चपला सरकवल्या. “आणि बहीण न्यायालयात होती ना? मग हा एकटा मोटारसायकलवर कशाला? एका बसमध्ये बसून जाता येत नव्हतं?”

“वही आणि फिर्यादी एका गाडीत नकोत, कंपनीची माणसं वाटेत गाठतील, असं घरच्यांनीच ठरवलं.”

“घरच्यांपैकी कुणी?”

वकिलाने प्रश्न कागदावर टिपून घेतला. हे त्याने विचारलंच नव्हतं.

३

फिटर स्वतःच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. चार दिवसांत शेजाऱ्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. ज्यांनी आयुष्यात कधी कुणासाठी बोटही हलवलं नव्हतं, ते सगळे आता न्यायनिष्ठ झाले होते. जिन्यात बाईंना एकाने अडवून सांगितलंही, “त्या गद्दाराकडे का?” बाईंनी त्याला विचारलं, “त्याच्या मेव्हण्याच्या अंत्ययात्रेला गेला होतास का रे, तू?” तो बाजूला झाला.

“आदल्या संध्याकाळपासून सांग,” बाई फिटरला म्हणाल्या. “रडू नकोस. रडणाऱ्याचे आकडे चुकतात.”

त्याने सांगितलं. आदल्या संध्याकाळी त्याने पंपावर टाकी फुल्ल केली. अकरा लिटरची टाकी. पंपावरच्या माणसाकडून गाडी हलवून हलवून गळ्यापर्यंत भरून घेतली. मग बहिणीकडे मुक्कामाला गेला. गाडी तिच्या वाड्याच्या, चार बिऱ्हाडांच्या अंगणात, कुलूप लावून. पहाटे साडेपाचला बहीण आणि तिचा दीर बसने हमरस्त्याने निघाले. हा सहाला जुन्या घाटरस्त्याने. नव्या हमरस्त्यावर दुचाकींना बंदी होती, त्यामुळे त्याला दुसरा रस्ताच नव्हता.

“निघताना कॉक बघितलास?”

“नाही बाई. उजाडायचं होतं. आणि टाकी फुल्ल, मग बघायचं कशाला?”

“टाकी हलकी नाही लागली?”

“डोक्यात नोंदवहीच होती.”

“कुठे बंद पडली?”

“बेचाळिसाव्या दगडापाशी. जुन्या रस्त्याचे दगड बहिणीच्या गल्लीपासूनच सुरू होतात. सव्वासात झाले होते. तिथे फोन लागत नाही, चिटपाखरू नाही. दोन मोटारी गेल्या, एकीनेही वेग कमी केला नाही. एकोणपन्नासाव्या दगडापर्यंत गाडी ढकलत नेली.”

“सात किलोमीटर? चढावर? सोडून चालत का नाही सुटलास?”

“पुढच्या वळणावर कुणी भेटेल असं वाटत राहिलं. शेवटी दूधवाल्याची गाडी भेटली, साडेबाराला.”

बाईंनी त्याच्या तळहातांकडे पाहिलं. फोड फुटून वाळले होते. असे फोड खोटं बोलून येत नाहीत, हे त्यांना कबूल करावं लागलं आणि त्याचा त्यांना थोडा रागच आला.

“गाडी ॲव्हरेज किती देते?”

फिटरचा चेहरा चार दिवसांत पहिल्यांदा जरा उजळला. “साठ.”

“खरं सांग.”

“साठ देते, बाई. लिटरला साठ. कुणालाही विचारा.”

गेली कित्येक वर्षं तो हे कुणालाही सांगत असणार, हे उघड होतं. बाईंनी सुस्कारा टाकला. नवरा आणि गाडी, दोघांच्या बाबतीत माणसं आकडे फुगवूनच सांगतात.

“म्हणजे अकरा लिटर भरले आणि बेचाळीस किलोमीटरवर टाकी कोरडी,” त्या म्हणाल्या. “तू कॉक विसरलास असं धरलं तरी फुल्ल टाकी शेकड्याने किलोमीटर गेली असती. तुझ्या गाडीतून कुणीतरी दहा लिटर काढून घेतलंय. प्रश्न असा, की अकराच्या अकरा का नाही घेतले?”

४

बहिणीच्या अंगणाच्या फाटकासमोरच मिस्त्रीचं गॅरेज होतं. फिटरची मोटारसायकल तिथेच उभी होती. मिस्त्रीनेच दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून आणली होती. गावात दुसरी कुजबुज चालली होती ती याच्याबद्दल. रबरी नळ्या याच्याकडे, पाने याच्याकडे, फाटक याच्यासमोर, आणि कंपनीच्या चार जीपचं काम याच्याकडेच येतं.

“या, बाई. मला पकडायला आलात ना?” मिस्त्री चिंधीला हात पुसत म्हणाला. “सगळं गाव येऊन गेलं, बघून गेलं. तुम्हीच राहिला होतात.”

“गाव बघतं, मी विचारते. आणलीस तेव्हा कॉक कुठे होता?”

“रिझर्व्हला. टाकी कोरडी ठणठणीत. गळती कुठेच नाही, नळी नवी आहे.”

“आता मला शिकव. टाकीत लिटरभरच पेट्रोल आहे आणि कॉक नेहमीच्या जागी आहे. गाडी सुरू होईल?”

मिस्त्रीने चिंधी खांद्यावर टाकली. प्रश्न त्याला आवडला. “नाही होणार. आत दोन नळ्या असतात ना, एक उंच, एक बुटकी. ‘ऑन’ला उंच नळीतून पेट्रोल येतं. दीड लिटरच्या खाली पातळी गेली की उंच नळी हवा ओढते, गाडी आचके देते. मग रिझर्व्हला लावायचं, म्हणजे बुटक्या नळीने खालचं येतं. लिटरभरच असेल तर गाडी रिझर्व्हलाच लावावी लागेल.”

“म्हणजे ज्याने पेट्रोल काढलं त्याने कॉक विसरून तसा ठेवला नाही. मुद्दाम ठेवला. नाहीतर गाडी अंगणातच बंद पडली असती, फिटरला सहालाच कळलं असतं आणि त्याने तुला उठवून पेट्रोल भरलं असतं.”

“असतं,” मिस्त्री हळूच म्हणाला.

“गाडीचं ॲव्हरेज?”

“बेचाळीस. इंजिनाच्या रिंगा गेल्यात. दहादा सांगितलं त्याला, काम काढ म्हणून. ऐकत नाही. चारचौघांत साठ म्हणून सांगतो. माझ्यासमोर म्हणत नाही, मी हसतो म्हणून.”

“गाडी बंद पडली बेचाळिसाव्या दगडाला.”

मिस्त्रीने तोंडातल्या तोंडात हिशेब केला आणि त्याचा हात खांद्यावरच्या चिंधीवर थांबला. “म्हणजे बरोबर एक लिटर.”

“बरोबर एक. पाऊण नाही, सव्वा नाही. टाकी रिकामी केली आणि बाटलीने मापून एक लिटर परत ओतलं.” बाई ताठ झाल्या. “मिस्त्री, चोर मापून चोरत नाही. हे चोराचं काम नव्हे. चोराला थोडी तरी लाज असते.”

५

बहिणीच्या घरी दार तिच्या दिराने उघडलं. त्याचं तळमजल्यावर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान होतं; मेलेल्या भावाच्या फोटोला पाठ करून बसायची त्याची सवय होती. मऊ आवाजाचा, दोन्ही हात जोडूनच बोलणारा.

“या, या बाई. वहिनी, बघा कोण आलंय. वकीलसाहेबांनी उगाच तुम्हाला त्रास दिला. आता काय राहिलंय? आपलीच माणसं उलटली, तिथे कोण काय करणार.”

बहीण आतल्या दारात उभी होती. डोळे कोरडे. आठ महिने रडून झालं होतं आणि आता तिच्याकडे फक्त राग उरला होता.

“तुम्ही त्याला वाचवायला आला असाल तर परत जा,” ती म्हणाली.

“मी कुणालाही वाचवत नाही. सवय नाही,” बाई बसत म्हणाल्या. “एक सांग. ‘विकलंस’ म्हणालीस, ते उशीर झाला म्हणून? आपला भाऊ उशिरा आला एवढ्यावरून कुणी असं म्हणत नाही.”

“उशीर झाला म्हणून नाही. तो कंपनीच्या जीपमध्ये बसला होता म्हणून.”

“कुणी पाहिलं?”

“भाऊजींना फोन आला होता. पावणेअकराला, न्यायालयाच्या व्हरांड्यात. वकीलसाहेबही तिथेच होते.”

दिराने मान खाली घातली. सांगायला फार जड जातंय असा चेहरा केला. “ओळखीचा ट्रकवाला आहे. म्हणाला, पठारावरच्या बंद टोलनाक्यापाशी तुमचा फिटर कंपनीच्या जीपमध्ये बसून हसत होता. मी वहिनींना सांगणार नव्हतो. पण किती लपवायचं?”

“खरंय. किती लपवायचं,” बाई म्हणाल्या. “आणि वेगवेगळं जायचं कुणी सुचवलं?”

“भाऊजींनीच,” बहीण म्हणाली. “दादाच्या, म्हणजे त्याच्या भल्यासाठी.”

एवढ्यात दिवे गेले. खाली दुकानातून जनरेटरची घरघर सुरू झाली.

“वा, पहिल्याच झटक्याला सुरू,” बाई म्हणाल्या. “या गल्लीत दिवे रोज जातात म्हणे.”

“रोज,” बहीण म्हणाली. “आधी भाऊजी मेणबत्ती लावून बसायचे, पेट्रोल परवडत नाही म्हणून. या आठवड्यात मात्र जनरेटर चालू आहे.”

दीर हसला. हसताना त्याने जोडलेले हात सोडले नाहीत.

बाई खाली उतरल्या आणि समोर मिस्त्रीकडे गेल्या. “पठारावरचा बंद टोलनाका या अंगणापासून किती लांब?”

मिस्त्रीला आठवायचीही गरज पडली नाही. “साठावा दगड त्याच्या भिंतीलाच आहे.”

६

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मिस्त्रीने टाकीत मापून एक लिटर पेट्रोल ओतलं आणि कॉक रिझर्व्हला लावला. वकील साक्षीदार म्हणून उभा होता आणि जांभया देत होता. त्याला वाटलं मिस्त्री गाडी नेईल. बाईंनी पदर खोचला, हेल्मेट चढवलं आणि स्वतःच टांग टाकली.

“बाई, घाट आहे हो!” वकील ओरडला.

“तुला पास केलं तेव्हा याहून मोठा धोका पत्करला होता.”

मिस्त्री आणि वकील मागून टेम्पोत, कॅनमध्ये पेट्रोल घेऊन. जुना रस्ता खडबडीत होता, पण रिकामा. बाई फिटरच्याच चालीने गेल्या, पंचेचाळिसाच्या वर नाही. एकेचाळिसावा दगड गेला. पुढे दोन वळणं, एक चढ, आणि इंजिन कसलीही सूचना न देता थंड झालं. सवयीने त्यांचा डावा हात टाकीखाली गेला. कॉक अर्थातच रिझर्व्हला होता. मिस्त्रीने तो समोर लावलेला असूनही त्यांच्या बोटांनी तो पुन्हा एकदा चाचपून पाहिला. न्यायालयाची वेळ, पिशवीत मेलेल्या मेव्हण्याची शेवटची आशा, आणि हाताखाली ही थंड चकती. त्या माणसाला त्या क्षणी काय वाटलं असेल, याचा विचार त्यांनी फार वेळ केला नाही. तसे विचार त्यांना झेपत नसत.

बेचाळिसावा दगड साडेतीनशे पावलांवर दिसत होता.

कॅनमधलं पेट्रोल ओतून तिघं पुढे निघाले. साठाव्या दगडाशी टोलनाक्याच्या पडक्या खोलीला पत्रा लावून एक म्हातारी चहा विकत बसली होती. दिवसातून दहा गिऱ्हाइकं. त्यामुळे प्रत्येक तिच्या लक्षात राहात होतं.

“मागच्या सोमवारी?” ती म्हणाली. “आली होती की जीप. कंपनीची, दारावर नाव होतं. आत सुरक्षा अधिकारी का कोण तो, मिशीवाला, आणि एक कॅमेरावाला. आठ वाजल्यापासून बसले. सहा-सहा चहा प्यायले.”

“कुणाची वाट बघत होते?”

“मला म्हणाला, एक मोटारसायकलवाला येईल, गाडी बंद पडलेली असेल, आला की सांग. आम्ही मदतीला आलोय.” म्हातारीने बोळकं तोंड वाकडं केलं. “मी म्हटलं, मदतीला कॅमेरा कशाला रे? बारा वाजता शिव्या देत निघून गेले. मोटारसायकलवाला काही आला नाही.”

वकिलाची जांभय अर्धवट राहिली. “बाई, गाडी बंद पडणार हे त्यांना आधीच माहीत होतं?”

“आणि कुठे पडणार हेही माहीत होतं,” बाई म्हणाल्या. “फक्त चुकीचं माहीत होतं.”

७

वकिलाच्या कचेरीत त्या दुपारी पाच खुर्च्या मांडल्या होत्या. बहीण, दीर, फिटर, मिस्त्री आणि वकील. बाई उभ्याच राहिल्या. बहीण भावापासून लांबच्या खुर्चीत बसली होती.

“तुमच्यापैकी एकाने टाकी रिकामी करून मापाने एक लिटर परत ओतलं,” बाईंनी सुरुवात केली. “हेतू असा की फिटरने घराजवळ नाही, पंपाजवळ नाही, तर साठाव्या दगडापाशी अडकावं. तिथे कंपनीची जीप उभी. ‘या, बसा, चहा घ्या’, आणि फोटो. मग त्याने जन्मभर शपथा घेतल्या तरी कोण ऐकणार? साक्ष गेली, आणि साक्षीदाराची अब्रूही गेली.”

“मग मिस्त्रीच!” दीर म्हणाला. “कंपनीच्या जीप याच्याकडेच येतात.”

“मलाही तेच वाटलं होतं. पण मिस्त्रीला गाडीचं खरं ॲव्हरेज माहीत आहे. बेचाळीस. त्याने केलं असतं तर जीप बेचाळिसाव्या दगडाला उभी राहिली असती.”

मिस्त्रीने पहिल्यांदा पाठ खुर्चीला टेकवली.

“फिटरने स्वतः केलं असेल,” दीर म्हणाला. आवाज अजून मऊच होता, पण जरा वरच्या पट्टीत गेला होता.

“तो विकला गेला असता तर जीप त्याची वाट बघत बारापर्यंत ताटकळली नसती. तो तेव्हा चढावर गाडी ढकलत होता. दूधवाल्याने त्याला एकोणपन्नासला उचललं, साडेबाराला. लिहून दिलंय त्याने. आता मला सांगा, पावणेअकराला तुमच्या ट्रकवाल्याने त्याला साठाव्या दगडाला जीपमध्ये बसलेला कसा पाहिला?”

“त्याची पाहण्यात चूक झाली असेल.”

“माणूस चुकीचा पाहिला असेल. पण जीप? जीप खरंच होती. रिकामी, वाट बघत. ती तिथे असणार हे तुम्हाला न्यायालयात बसून कसं कळलं? ट्रकवाला नव्हताच. जे घडायचं ठरलं होतं ते तुम्ही घडलं म्हणून सांगून टाकलंत. थोडा धीर धरायचा होता.”

दिराने जोडलेले हात आणखी घट्ट धरले.

“आणि हे सगळं कशामुळे फसलं? या माणसाच्या बढाईमुळे.” बाईंनी फिटरकडे बोट दाखवलं. “एक लिटर, साठ किलोमीटर. कागदावर झकास. ती गाडी बेचाळीस देते.”

“साठ!” दीर ताडकन उठला. “तो कायम साठच म्हणायचा! माझ्यासमोर, आमच्या दादासमोर, हजारदा...”

मग त्याला आपलाच आवाज ऐकू आला. तो खुर्चीत परत बसला तेव्हा त्याचे हात जोडलेले नव्हते. कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

“काय देणार होते?” बाईंनी विचारलं. “रागाने विचारत नाही. किती स्वस्तात पडलात ते बघायचंय.”

तो जमिनीकडे बघत म्हणाला, “आमच्या दादाची जागा. कायम नोकरी.”

“भावाच्या मरणाने रिकामी झालेली खुर्ची. आणि त्यासाठी त्यालाच झोपाळू ठरवायचं.” बाईंनी ओठ मुरडले. “एकतीस वर्षांत मी लबाड पुष्कळ पाहिले. पण दगा देऊन वर त्याच पेट्रोलवर जनरेटर चालवणारा पहिलाच. टाकून द्यायचं होतं हो गटारात. तेवढीही ऐपत नाही? वकील, कागद घे. हे आता सगळं लिहून देणार आहेत, कारण नाही दिलं तर टोलनाक्यावरची म्हातारी, दूधवाला आणि मिशीवाला अधिकारी न्यायालयात समोरासमोर उभे राहतील, आणि मिशीवाला पहिलं नाव यांचंच घेईल. कंपन्या अशा माणसांना सांभाळत नसतात.”

दिराने बहिणीकडे पाहिलं. “वहिनी, मी तुमच्यासाठीच... घरात एक तरी पगार...”

बहीण उठली. बाईंना वाटलं ती मारेल. तिने मारलं नाही. कचेरीच्या दारापाशी जाऊन तिने त्याच्या चपला पायाने बाहेर सारल्या आणि दार उघडून धरून उभी राहिली.

“सही करा, भाऊजी,” ती म्हणाली, “आणि निघा.”

८

अर्ज मुदतीच्या शेवटच्या दिवशी मंजूर झाला. तीन आठवड्यांनी फिटर साक्षीला उभा राहिला. कंपनीच्या वकिलाने चष्मा नाकावर घेऊन तुच्छतेने विचारलं, “मागच्या तारखेला आपण आला नव्हतात, नाही का?”

“आलो होतो, साहेब. उशीर झाला. सात किलोमीटर गाडी ढकलत होतो. तुमची जीप पुढे साठाव्या दगडाशी उभी होती. जरा मागे आली असती तर लवकर पोचलो असतो.”

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. कंपनीचा वकील खाली बसला.

मग त्याच्या हातात नोंदवही देण्यात आली. पानांना तेलाचा वास होता. पहिली नोंद काढून त्याने तारीख वाचली, व्हॉल्व्ह अडकतो असं वाचलं, खालची सही वाचली. दुसऱ्या नोंदीशी आला आणि थांबला. त्या नोंदीच्या कडेला, वेळ लिहायच्या रकान्यात, त्या दिवशी ड्युटीवर असलेल्याचं अक्षर होतं. मेव्हण्याचं. ‘मीही दोनदा कळवले आहे.’ हे तो वाचू लागला. ओठ हलत होते, शब्द ऐकू येत नव्हते.

नापासबाई मागच्या बाकावर होत्या. अशा वेळी माणसं कच खातात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मनातल्या मनात त्याला नापास करून टाकलंही होतं.

पुढच्या बाकावरून बहीण उभी राहिली. शिपायाने तिला बसायची खूण केली. ती बसली नाही.

“दादा,” ती म्हणाली, “मोठ्याने वाच. त्यांनी काय लिहिलंय ते सगळ्यांना ऐकू दे.”

न्यायाधीशांनी तिला दटावलं नाही. फिटरने घसा साफ केला, वही दोन्ही हातांनी धरली आणि ती ओळ पहिल्यापासून वाचली.